मदत हवी आहे: इंडिका-जापोनिका भात एकाच प्रजातीचे, मग संकरात पळींज का?

बारावीला जीवशास्त्र शिकवते. ज्यांचा आपसात संकर होतो आणि पुढची पिढी जननक्षम निघते ती एक प्रजाती, ही व्याख्या भातापाशी आली की लंगडते. वर्गातली बहुतेक मुलं भातशेती करणाऱ्या घरांतली, त्यामुळे उदाहरण बदलून सुटका नाही.

आपल्याकडचे बहुतेक भात इंडिका गटातले. जपानकडचा आखूड, चिकट तांदूळ जापोनिका. दोन्ही ओरायझा सटायव्हा, दोन्हींत २४ गुणसूत्रं. तरी त्यांच्या संकराचं रोप जोमदार वाढतं आणि लोंबीत बरंचसं पळींज, म्हणजे न भरलेले पोकळ दाणे. काटो आणि सहकाऱ्यांनी हे १९२८ सालीच नोंदवलंय. उलट पाणथळ जागी आपोआप उगवणारा रानटी भात, ओरायझा रूफिपोगॉन, कागदोपत्री वेगळी प्रजाती; पण लागवडीच्या भाताशी त्याचा संकर होतो आणि दाणेही भरतात. नाव एक तिथे अडथळा, नावं दोन तिथे वाट मोकळी!

इंडिका आणि जापोनिकातला जनुकीय फरक शेतीच्याही आधीचा, लाखो वर्षांपूर्वीचा निघतो असं वाचलं. मग फरक किती झाला की प्रजाती वेगळी म्हणायची? आणि आईबाप धडधाकट असताना बिघाड संकरातच कुठून येतो? नैसर्गिक निवडीने असली घातक जनुकं टिकू कशी दिली? फळ्यावर काढून दाखवता येईल असं काही सुचवा.

प्रतिसाद

ताई, असा ठरावीक आकडा नसतो. किती जनुकं बदलली यापेक्षा कुठली बदलली हे बघावं लागतं. बिघाडाचं एक कारण मात्र भातातच सापडलंय: सहाव्या गुणसूत्रावरची एस-५ ही जागा. तिथे तीन जनुकं शेजारी शेजारी असतात. त्यांना तिसरं, चौथं, पाचवं म्हणू. फळ्यावर दोन रांगा काढा. इंडिकात तिसरं चालू, चौथं बंद, पाचवं चालू. जापोनिकात नेमकं उलट. चौथं आणि पाचवं दोन्ही चालू असली तरच मारक यंत्रणा सुरू होते, आणि तिसरं तिच्यापासून वाचवतं.

आईबापांत ही जोडी जमतच नाही. कुणाचं नुकसानच होत नसेल तर निवड काय काढून टाकणार? संकरात मात्र जोडी जमते. फुलातल्या ज्या भ्रूणकोषाला (स्त्रीबीज ज्यात असतं तो भाग; त्यात दोनपैकी एकच रांग येते) इंडिकाचं तिसरं मिळालं तो वाचतो; जापोनिकाची रांग मिळालेले बहुतेक मरतात. पळिंजामागे अशा आणखीही जागा आहेत, पण शिकवायला ही पुरे. डोब्झान्स्की आणि म्युलर या जनुकशास्त्रज्ञांनी असा तर्क जनुकं हाती लागण्याच्या खूप आधी मांडला होता.

काही वाणांत पाचवं जनुक निकामीच असतं. असं वाण या जागेपुरतं दोन्ही गटांशी जुळतं, संकरात पळींज होत नाही. संकरित भात करणारे पैदासकार तेच वाण मध्यस्थ म्हणून वापरतात.

धागाकर्ती

दोन रांगांचं लगेच पटलं. पण संकरात जापोनिकाचीच बाजू मरत असेल, तर दोन्ही शेजारी लावले की काही पिढ्यांत इंडिकाची रांगच सगळीकडे पसरायला हवी ना?

प्रतिसाद

हो, परपरागण भरपूर असतं तर. लागवडीचा भात स्वतःच्याच परागांवर दाणे धरतो. शेजारच्याशी संकर सहसा टक्क्याच्याही आत. रूफिपोगॉनमध्ये हे प्रमाण बरंच जास्त, त्यामुळे तुमची शंका खरी लागू पडते ती तिथे.