हात लावण्याआधी नजर : आजारी मुलांजवळ राहणाऱ्यांचे अनुभव

आजारी मुलाजवळ सर्वांत अधिक वेळ त्याची आई असते आणि तिच्या खालोखाल परिचारिका असते. डॉक्टरांची फेरी होऊन गेल्यावर मधल्या तासांत मुलामध्ये जो बदल होतो, तो बहुतेक वेळा सिस्टरच्याच नजरेला आधी येतो. बालरुग्ण विभागात अनेक वर्षे काम केल्यानंतर आणि आता विद्यार्थिनींना शिकवताना माझे असे ठाम मत झाले आहे की, तपासणीचा मोठा भाग मुलाला हात लावण्यापूर्वीच व्हायला हवा. मिनिटाला ४५ श्वास नवजात बाळासाठी नेहमीचे असतात. तीन वर्षांच्या खोकणाऱ्या मुलाचे तेवढेच श्वास न्यूमोनियाची शंका घ्यायला लावतात. म्हणून सर्वांना एकच प्रश्न विचारते : कोणत्या वयाच्या मुलाने तुम्हाला काय पाहायला शिकवले? आशाताईंनी आणि पालकांनीही अवश्य लिहावे. रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहू नये, एवढी विनंती.

नवजात शिशू कक्षातील परिचारिका

आमच्याकडे दीड किलोच्या आतबाहेरची बाळे नेहमीच असतात. थर्मामीटर लावण्याआधी मी हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायांना लावते. पोट उबदार आणि पाय गार लागले, तर बाळ ऊब टिकवण्यासाठी झगडते आहे हे काखेतला आकडा ३६.५ अंशांच्या खाली जाण्यापूर्वीच कळते. गार पडलेल्या बाळाची साखर ऊब राखण्यातच खर्च होते, मग ते दूध नीट ओढत नाही आणि साखर आणखी उतरते. एका बाळाच्या आईचे सिझेरियन झाले होते, म्हणून कांगारू पद्धतीसाठी आम्ही वडिलांना बसवले. ते ट्रक चालवणारे होते. शर्टाची बटणे सोडून, टोपी, मोजे आणि लंगोट घातलेले बाळ छातीवर उभे धरून ते दोन तास जराही न हलता बसले होते. त्यानंतर मी पाय पाहिले, तर ते पोटाइतकेच उबदार होते.

आशा कार्यकर्ती

दवाखान्यात बाळंतपण झाले, तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आम्ही घरी जातो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, त्या कामातून आमच्या या भेटींना वाट मिळाली, याचा मला अभिमान आहे. एका घरी सातव्या दिवशी आजी बाळाची टाळू भरत होत्या. नाकात तेल सोडू नका, एवढेच मी त्यांना सांगितले. टाळूवर हलका हात फिरवायला माझी हरकत नव्हती. बोलता बोलता आजी म्हणाल्या, “कालपासनं दूध वढंना, पोट लई उडतंय.” बाळाचे झबले वर करून मी पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ते ६४ भरले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक आले, तर पुन्हा मोजायचे असतात. दुसऱ्यांदा ६६ भरले. आम्ही लगेच १०८ ला फोन केला. आजींनी बाळाचे पोट नीट पाहिले होते, आणि तेल थांबवण्याच्या बोलण्यात मी त्यांना दुखावले असते, तर त्यांनी ते मला सांगितलेही नसते.

बालरोग वॉर्डातील परिचारिका

मी माझी चूक लिहिते. रात्रपाळीला जुलाबाची दोन मुले एकदमच दाखल झाली होती. तीन वर्षांची मुलगी सलाईनची सुई पाहून वॉर्ड डोक्यावर घेत होती, तर चौदा महिन्यांचा मुलगा आईच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. “आत्ता कुठं शांत झोपलाय,” असे आई म्हणाली आणि मी मुलीकडे वळले. वीस मिनिटांनी मुलाकडे आले, तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर तशीच उभी राहत होती, आणि बोटाचा दाब काढल्यावर रंग परतायला चार सेकंद लागले. रक्तदाब मात्र जवळजवळ ठीक होता. मुलांचे शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ धरून ठेवते आणि तो उतरतो तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो, हे मला पाठ होते. तरीही त्याच्या शांतपणाला मी झोप समजले. डॉक्टरांनी सलाईन वेगाने सोडले आणि पहाटे ते मूल मोठ्याने रडले. आई त्याला गप्प करू लागली, तेव्हा मीच म्हणाले, “रडू द्या त्याला.” आता मी पाळीवर आल्यावर आधी न रडणाऱ्या मुलाकडे जाते.

मेळघाटातील परिचारिका

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित असते. मात्र केवळ दंड मोजायच्या पट्टीवर विसंबू नये. एक मूल गुबगुबीत दिसत होते. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला, तर दोन्हीकडे खळगा तसाच राहिला. ती कुपोषणाची सूज होती. पोटावर डंब्याचे, म्हणजे तापवलेल्या विळ्याच्या चटक्यांचे डागही होते. त्या क्षणी आईला बोल लावला असता, तर ती पुढच्या वेळी मूल घेऊन आलीच नसती, म्हणून मी फक्त जखमा साफ केल्या आणि डंब्याविषयी तिसऱ्या दिवशी, मूल खाऊ लागल्यावर बोलले.

एक आई

माझा मुलगा चार वर्षांचा होता. “दुखणार नाही,” असे मी त्याला इंजेक्शनच्या आधी सांगत होते. सिस्टरनी मला हळूच थांबवले आणि त्याला म्हणाल्या, “मुंगी चावल्यासारखं दुखेल, मी पाच म्हणेपर्यंत.” त्यांनी पाच अंक मोजले, तो रडला आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून हात पुढे केला.

शाळकरी मुलांची तपासणी करणारी परिचारिका

चौदा वर्षांची मुलगी वरचेवर पोट दुखते म्हणून आली होती आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आई देत होती. या वयाच्या मुलांशी काही वेळ एकटीने बोलणे हा तपासणीचाच भाग आहे, असे सांगून मी आईंना बाहेर बसायला विनवले. तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, मात्र कोणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मला ते कळवावेच लागेल, हेही मी मुलीला आधीच स्पष्ट केले, कारण विश्वास मिळवून नंतर तो मोडणे मला मान्य नाही. तसे काही नव्हते. पाळीच्या दिवसांत तिला रक्तस्राव फार होत होता, आणि शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्याने ती दर महिन्याला चार दिवस घरी राहत होती. तिची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढुरकी होती, हिमोग्लोबिन ७.४ आले. तिच्या परवानगीने मी आईंना आत बोलावून सांगितले. त्या बराच वेळ मुलीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सिस्टर, मला पण असंच होतं,” आणि त्यांनी स्वतःच पापणी खाली ओढून धरली. मी त्यांचाही केसपेपर काढायला लावला.