मदत हवी आहे: तिसरी-चौथीला एआय शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (जि. प. द्विशिक्षकी शाळा)

नमस्कार मंडळी,

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र बसतात. आम्हा शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत 'एआय साक्षरता' या विषयाची मांडणी केंद्रप्रमुख साहेबांनी माझ्यावर टाकलीय. (सरकारच्या 'युडायस' पोर्टलवर शाळेची माहिती मी भरते, म्हणून मी तंत्रस्नेही!)

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार (प्रश्न पायरीपायरीने सोडवणं) आणायचं जाहीर केलं. त्यासाठी सीबीएसईने आयआयटी मद्रासच्या प्रा. कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाकी जे हाती लागतं ते सगळं वरच्या वर्गांचं. केंद्राच्याच 'सोअर' या एआय कौशल्य उपक्रमाचे १५-१५ तासांचे तीन भाग सहावी ते बारावीसाठी आहेत. सीबीएसईत नववीला तर २०१९ पासून हा ऐच्छिक विषय आहे. आमची पुस्तकं बालभारतीची, आणि राज्याचा तिसरी-चौथीचा नवा अभ्यासक्रमही २०२६-२७ मध्येच यायचाय. तोवर हातावर हात ठेवून बसायचं का?

वर्गात एक प्रयोग करून पाहिला. चौथीतल्या एका मुलीला बाहेर पाठवलं. बाकीच्यांनी ठरवलं, वडाचं पान ओळखायला शिकवायचं. ती आत आल्यावर नियम कोणी सांगायचा नाही, एकेक पान दाखवून फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. आठ-दहा पानांनंतर ती पटापट ओळखू लागली. मग एकाने झडून पडलेलं पिवळं वडाचं पान पुढे केलं, तर ती म्हणाली "नाही!" कारण आम्ही 'हो' म्हणून दाखवलेली सगळी पानं हिरवीगार होती. पोरांनी जो काही कल्ला केला! पण "मग पिवळी पण दाखवायला पाहिजे होती ना," हे त्यांचं त्यांनाच सुचलं.

यंत्र उदाहरणांवरून शिकतं आणि उदाहरणं एकांगी असली की चुकतं, ते हेच ना? की साहेब म्हणतील, हा तर परिसर अभ्यास झाला?

दुसरं, चॅटबॉट दाखवायचा का? चॅटजीपीटीच्या अटींतच १३ वर्षांखालच्यांना मनाई आहे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्यांसाठी पालकांच्या संमतीची भानगड. माझ्याच फोनवर मी दाखवलं तर? मराठीत तयार कृती कुठे असतील तर कृपया सांगा.

खडूफळा: युडायस २०२४-२५ नुसार देशातल्या साधारण ६५ टक्के शाळांतच संगणक आहे. आधी ते द्या, शिक्षक भरा, मग एआय. बाकी चालू द्या.

नववीवाली: ताई, पानांचा प्रयोग तसाच मांडा, साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. आमच्या नववीच्या एआयच्या साहित्यात दगड-कागद-कात्रीचा खेळ आहे, तो संगणकाशी खेळायचा असतो. तुम्ही जोड्या लावा. आधी एकाने दुसऱ्याच्या चाली वहीत नुसत्या टिपायच्या, मग त्या पाहून पुढची चाल ओळखायची. नोंदींवरून अंदाज बांधणं चौथीला छान कळतं.

चॅटबॉटचं म्हणाल तर खातं तुमचं, टाइपही तुम्हीच करा. मुलांची नावं, आवाज, फोटो काही जाऊ देऊ नका. वहीच्या पानाचा फोटोसुद्धा नको, वर नाव असतं. आपल्या गावाची माहिती विचारा आणि चुका पोरांनाच काढू द्या.

धागाकर्ती: खडूफळा सर, संगणक आहे हो आमच्याकडे, बिल थकल्याने वीज तोडलीय!

नववीवाली ताई, खूप आभार. गावाच्या माहितीचं शनिवारी दप्तराविना शाळेत घेते. दगड-कागद-कात्रीत तिसरीची पोरं चाली चित्रांनी टिपतील, पण एका जोडीला किती डाव द्यायचे? पन्नास मिनिटांच्या परिषदेत शिक्षकांनाच खेळायला लावायचा विचार आहे.