मदत हवी आहे: जर्मन जोडशब्दांच्या मधला हा 'स' कुठून येतो?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. स्टुटगार्टला येऊन पाच महिने झाले, जर्मनचा बी१ (मध्यम पातळीचा) वर्ग चालू आहे. नुकतंच घर बदललं. इथे घर बदललं की दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा एक कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पहिल्यांदा वाचताना मध्येच दम खायला थांबले.

शब्द फोडता येतो. वोनुंग म्हणजे घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे दाखला. पण वोनुंग आणि गेबरच्या मध्ये तो 'स' कसला? पुण्यात शिकताना बाईंनी सांगितलं होतं की तो षष्ठीचा, म्हणजे आपला चा-ची-चे. पण वोनुंग तर स्त्रीलिंगी, आणि जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नामाला षष्ठीत 'स' लागतच नाही! आर्बाइट्सत्सिमर (कामाची खोली), लीबेसब्रीफ (प्रेमपत्र) यांचंही तेच. उलट हाउस नपुंसकलिंगी, त्याला षष्ठीचा प्रत्यय हक्काचा, तर हाउसट्यूर (घराचं दार) मध्ये काहीच नाही.

शिवाय मी या कागदाला 'डेअर' (पुल्लिंगी नामाआधी येणारा शब्द) लावलं, कारण गेबर पुल्लिंगी. वहीत लाल रेघ.

आणि जाता जाता, उमफारेन या क्रियापदाचं काय प्रकरण आहे? 'मी सायकलवाल्याला वळसा घालून गेले' असं सांगायचं होतं, सगळा वर्ग दचकला.

जुनाखोड
लिंगाचं आधी, ते सोपं आहे. बैल 'तो', पण बैलगाडी 'ती'. शेवटचा शब्द म्हणेल ते लिंग. बेश्टेटिगुंग स्त्रीलिंगी, म्हणजे 'डी', म्हणून आख्खा कागद 'डी'. असे शब्द मागूनच वाचायला घ्यायचे. दाखला आहे, कुणाचा, तर देणाऱ्याचा, काय देणाऱ्याचा, तर घर.

'स'बाबत तुमच्या बाई अर्ध्या बरोबर आहेत. त्याचं मूळ षष्ठीतच आहे. पण तो लोकांच्या तोंडी इतका बसला की जिथे षष्ठीत 'स' येत नाही तिथेही शिरला. आता तो नुसता सांधा. जर्मन लोक त्याला 'फुगे' म्हणतात, दोन विटांमधल्या सांध्यालाही तोच शब्द आहे.

ठाम नियम एवढाच, की पहिला शब्द -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -टेट किंवा -त्सिओनने संपला तर 'स' येतोच. गंमत म्हणजे हीच शेपटं शब्दाला 'डी'ही करतात. एक यादी पाठ करा, दोन कामं होतात.

सदाशिवपेठी
आणि ती यादी संपली की नियमही संपतात, हे जुनाखोड सांगायचं विसरले. किंट (मूल) हा एकच शब्द घ्या. किंटबेट (बाळंतपण) मध्ये सांधा नाही, किंट्सकॉप्फ (पोरकट माणूस) मध्ये 'स', किंडेसवोल (मुलाचं हित) मध्ये 'एस' आणि किंडरगार्टनमध्ये 'अर'. कोणी म्हणेल 'अर' अनेकवचनाचा. मग ह्यूनरआय म्हणजे कोंबडीचं अंडं, ते काय अनेक कोंबड्यांनी मिळून घातलं?

लांटमान आणि लांट्समान हे तर वेगळेच शब्द. पहिला शेतकरी, दुसरा आपल्या देशचा माणूस. एका 'स'ने शेती गेली.

पण हसण्याआधी आपलं बघा. घोडागाडी, घोडेस्वार, घोडदळ. एकच घोडा, तीन रूपं. घोडेगाडी का नाही, घोडास्वार का नाही, हे शाळेत कुणी शिकवलं होतं का?

सांजवेळ
घोड्याचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं! म्हणजे सुटा शब्द पाठ करायचाच नाही, त्याच्या दोन-तीन जोड्यांसकट करायचा.

मालवणी_मसाला
होय, आणि अर्थाच्या भरवशावरही राहू नका. सांधा कळला तरी नातं कळत नाही. श्निट्सेल म्हणजे मांसाचा पातळ तळलेला काप. काल्ब्सश्निट्सेलमध्ये वासराचं मांस असतं. येगरश्निट्सेल शिकाऱ्याच्या नावाचं, पण त्यात शिकारी नसतो, वर अळंब्यांचा रस्सा असतो. किंडरश्निट्सेल मुलांसाठी, लहान आकाराचं. आमच्या कोंबडीवड्यांत कोंबडी वड्याच्या आत शोधणारे पाहुणे मी पाहिलेत.

जुनाखोड
उमफारेन राहिलंच. लिहिताना एकच, पण क्रियापदं दोन. जोर 'उम'वर दिला तर उपसर्ग सुटा होतो आणि वाक्याच्या टोकाला जातो. 'इख फारे ईन उम' म्हणजे मी त्याला गाडीखाली घेतो. जोर 'फा'वर दिला तर उपसर्ग चिकटून राहतो. 'इख उमफारे ईन' म्हणजे मी त्याला वळसा घालतो. भूतकाळात पहिल्याचं उमगेफारेन होतं, दुसऱ्यात 'गे' येतच नाही. तुम्ही वर्गात कुठला जोर दिलात ते विचारत नाही.

सदाशिवपेठी
लांबलचक शब्दाचा नमुना म्हणून कोणीतरी आता तो गोमांसाच्या लेबलांवरच्या देखरेखीचा कायदा आणेल, म्हणून मीच आणतो. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याचा, 1999 चा, नावात 63 अक्षरं. 2013 मध्ये रद्द झाला. तो पाठ करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा शिफफार्ट (जहाजवाहतूक) लिहायला शिका. 1996 च्या लेखनसुधारणेपासून त्यात तीन 'एफ' लागोपाठ येतात.

सांजवेळ
सगळ्यांचे आभार. दाखला मिळाला, नोंदणी झाली, आणि खिडकीवरच्या बाईंसमोर 'डी' म्हटलं.

काल कढीपत्त्याच्या कुंडीसाठी माती आणायला गेले. पिशवीवर ब्लूमेनटॉप्फएर्डे, म्हणजे कुंडीची माती. पण छापलेलं सलग असतं ना, मी ते 'ब्लूमेंटो-प्फेर्डे' असं फोडलं. प्फेर्डे म्हणजे घोडे. ही ब्लूमेंटो कुठली जात, म्हणून नवऱ्याला फोन केला.

जुनाखोड
मागून वाचायला मीच सांगितलं होतं, माफी असावी.