सेकंड शिफ्ट करून ॲप्टिट्यूडची तयारी कशी जमवायची?

शिरोली_सेकंडशिफ्ट:
नमस्कार मंडळी. बी. ई. मेकॅनिकल, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केलाय, पहिली फेरी ऑनलाइन ॲप्टिट्यूडची. वर आईचा हट्ट म्हणून आयबीपीएस क्लार्कचा, म्हणजे बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेचा, फॉर्मपण भरून ठेवलाय. गणित येत नाही अशातला भाग नाही, पण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली की निम्मा पेपर बघायचाच राहतो. शिफ्ट सुटून घरी यायला रात्रीचा एक वाजतो. राजारामपुरीतल्या एका क्लासनं सांगितलेल्या फीत जुनी स्प्लेंडर येईल. क्लास लावू का घरीच करू? दोन्हीची तयारी एकत्र होते का?

रंकाळा_कट्टा:
क्लास लाव भावा. घरी फक्त झोप होते.

गडहिंग्लजची_ताई:
क्लास लावून सेकंड शिफ्टवाल्यानं जायचं कधी? मी बँकेत आहे, पोरगं लहान असताना घरी बसूनच परीक्षा काढली, म्हणून सांगते.

क्लार्क प्रिलिम, म्हणजे पूर्व परीक्षा, १०० प्रश्न, ६० मिनिटं. इंग्रजी ३०, गणित ३५, रीझनिंग ३५, आणि प्रत्येकाला वेगळी २० मिनिटं. इंग्रजी लवकर संपवलं म्हणून उरलेला वेळ गणिताला मिळत नाही. एका गणिताला जेमतेम ३४ सेकंद पडतात. तुझा निम्मा पेपर राहतो त्याचं कारण बहुतेक हेच, तू इंजिनिअरसारखा 'क्ष' मानत बसतोस.

अमुक काम एक जण १२ दिवसांत करतो, दुसरा १५ दिवसांत, दोघं मिळून किती? अपूर्णांकांच्या नादाला लागूच नको. लसावि ६०, म्हणजे काम ६० घमेली समज. पहिला रोज ५ टाकतो, दुसरा ४. दोघांची ९. साठला नवानं भागलं, ६ पूर्णांक २/३ दिवस. टाकी भरणाऱ्या नळांनाही हेच चालतं. ३७.५ टक्के दिसले की ३/८, १६.६७ दिसले की १/६, हे तोंडावर पाहिजे. ३० पर्यंतचे वर्ग पाठ कर, बसमध्ये होतात.

गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवायचं कोडं दोन मिनिटांत हललं नाही तर सोडून द्यायचं. आम्ही बायका लग्नाच्या पंगतीत चिडलेल्या पाहुण्यांना बसवतो, तरी मी ते सोडायचे!

रंकाळा_कट्टा:
आणि येत नसेल तर ठोकून द्यायचं का?

गडहिंग्लजची_ताई:
हिशेब करा की. पर्याय पाच, चुकलं तर पाव गुण जातो. डोळे झाकून पाच ठोकले तर एक बरोबर, चार चूक. एक आला, एक गेला, हातात शून्य. पण एखादा पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल तर ठोकण्यात थोडा फायदा आहे.

गोकुळ_शिरगाव_एचआर:
ताईंचं बँकेपुरतं बरोबर. खाजगी कंपन्यांचं प्रत्येकीचं निराळं असतं. कुठं निगेटिव्ह नसतं, तिथं एकही प्रश्न कोरा ठेवू नये. कुठं पुढं गेलं की मागं येता येत नाही. सुरुवातीच्या सूचनांचं पान आमची पोरं वाचतच नाहीत, सगळं तिथंच लिहिलेलं असतं.

मेकॅनिकलच्या जागेला गिअर, कप्पी, तरफ यांचे प्रश्नही येऊ शकतात. शेजारचे दोन गिअर उलटसुलट फिरणार. पाच गिअर एका ओळीत असतील तर पहिला आणि पाचवा एकाच दिशेनं. हे तुला शॉपफ्लोअरवर रोज दिसतंय, ते गुण सोडलेस तर नाव बदल.

शिरोली_सेकंडशिफ्ट:
चौथीच्या स्कॉलरशिपला बुद्धिमत्ता चाचणी केली होती तसलंच निघालं की हे! गारगोटीला गुरुजींनी मारून मारून करून घेतलेलं. क्लास रद्द. सकाळी उठून २० मिनिटांचा एकच सेक्शन घड्याळ लावून सोडवतो, चालेल?

गडहिंग्लजची_ताई:
चालेल. पण सोडवण्यापेक्षा जास्त वेळ चुका बघायला दे. आणि इंग्रजीला हात लाव, मराठी माध्यमवाले तिथंच गुण घालवतात.

गोकुळ_शिरगाव_एचआर:
पुण्याची टेस्ट घरून द्यायची असेल तर कॅमेरा चालू राहतो आणि दुसरी विंडो उघडली की नोंद होऊ शकते. व्हॉट्सॲप वेब आधी बंद कर. लाइट गेली तर म्हणून मोबाईलचं हॉटस्पॉट आणि लॅपटॉपची बॅटरी आदल्या रात्रीच बघून ठेव.