प्रति: कोर्टाची ऑर्डर नसेल तर पोलीस हात लावत नाहीत
मनाच्या आजारानं अंगावर धावणाऱ्या माणसाला पोलीस कोर्टाच्या ऑर्डरीबिगर हात लावत नाहीत हे खरं, पण कायदा तसा नाही ना बाप्पा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 पाहा, आजारामुळं माणूस स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा करंल असं वाटलं तर ठाणेदारानं त्याला ताब्यात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचंय, लॉकअपमध्ये टाकता येत नाही. मॅजिस्ट्रेटकडे नेलं तर तोही तपासणीसाठी जास्तीत जास्त 10 दिवस ठेवायला सांगू शकतो, कायमचं नाही.

आमच्या चुलतभावानं ऐन कापूसवेचणीत कुऱ्हाड उचलली तेव्हा ठाण्यात "घरचं मॅटर आहे" म्हणाले, मग काय, बैलाच्या दाव्यानं बाजेला बांधला रातभर. सकाळी कलमाचा नंबर लिहून लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तवा कुठं गाडी निघाली.