मदत हवी आहे : जपानच्या ‘र्‍याकुनिन’ कालखंडापुढे इसवी सन कोणता लिहावा?

नमस्कार.

जपानच्या कामाकुरा काळातील (बारावे शतक अखेर ते चौदाव्या शतकाचा आरंभ) घटनांची मराठी कालसूची मी तयार करीत आहे आणि ती ‘र्‍याकुनिन’ या नेन्गोपाशी, म्हणजे क्योतोच्या दरबाराने जाहीर केलेल्या कालनामापाशी, येऊन अडली आहे.

बालसम्राट शिजो यांच्या दहा वर्षेही न भरलेल्या कारकिर्दीत कालनाम सहा वेळा बदलले, आणि त्यांत र्‍याकुनिन सर्वांत अल्पायुषी ठरले. आकाशात अशुभ चिन्हे दिसल्यामुळे आधीचे ‘कातेइ’ हे नाव टाकून ते घेतले गेले. पण त्याचा उच्चार ‘माणसे वगळली जाणे’ अशा अर्थाच्या शब्दासारखाच होतो, अशी कुजबुज लोकांत सुरू झाली आणि अडीच महिन्यांच्या आत ‘एन-ओ’ हे नवे नाव आले. एका उच्चाराची एवढी धास्ती राजदरबाराने घ्यावी, याचे मला फार नवल वाटते.

आता अडचण अशी. हे कालनाम कातेइ ४ च्या (म्हणजे कातेइ कालनामाच्या चौथ्या वर्षाच्या) अकराव्या महिन्याच्या २३ व्या दिवशी सुरू झाले आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या महिन्याच्या ७ व्या दिवशी संपले. मध्येच जपानी नववर्ष आल्यामुळे त्याची दोन ‘वर्षे’ प्रत्येकी सुमारे सव्वा महिन्याचीच आहेत. प्रचलित तक्ते र्‍याकुनिन १ म्हणजे १२३८ आणि र्‍याकुनिन २ म्हणजे १२३९ असे सरळ समीकरण देतात. परंतु ज्युलियन गणनेने, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेआधीच्या युरोपीय गणनेने, ही मुदत ३० डिसेंबर १२३८ ते १३ मार्च १२३९ अशी येते, म्हणजे १२३८ च्या वाट्याला जेमतेम दोन दिवस उरतात. आणि तेराव्या शतकातील सात दिवसांचा फरक मिळवून ग्रेगोरियन तारखा काढल्या, तर आरंभच ६ जानेवारी १२३९ रोजी होतो आणि १२३८ हे साल पूर्णपणे गळून पडते. ‘र्‍याकुनिन १, बारावा महिना’ अशी मिती असलेला कागद तर दोन्ही गणनांनी १२३९ मधलाच ठरतो, तरी तक्त्यानुसार तो १२३८ मध्ये जातो.

शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे, त्यामुळे शिवकालीन मित्यांवर काम करणाऱ्यांना हा पेच परिचित असणार. अशा जाणकारांना माझी विनंती आहे की, मराठी कालसूचीत मूळ मिती तशीच ठेवून शेजारी ज्युलियन तारीख द्यावी, की वाचकाच्या सोयीसाठी तक्त्यातले ढोबळ साल स्वीकारावे, हे कृपया कारणांसह सांगावे.