कार्डाआधी लाईटचं बघा

नांदेडच्या भावाने चाळीस हजारांत गेमिंगचा पीसी विचारला, अन् वरच्या उत्तरांत सगळे ग्राफिक्स कार्डावरूनच (गेमचं चित्र तयार करणारा भाग) भांडायलेत. एवढ्या पैशांत वेगळं कार्ड नकोच. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, ग्राफिक्स त्यातच येतं. फक्त १६ जीबीची एकच रॅम नको, ८-८ च्या दोन लावा. आतलं ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर चालतं, त्यामुळे एकाच रॅमवर फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) बऱ्याच कमी होतात.

ऐंशी हजारांच्या आसपास जाणाऱ्यांना आरटीएक्स ४०६० पुरे. ते ११५ वॅटचं कार्ड आहे, त्याला ८५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला लांबूनच रामराम. ब्रॉन्झ रेटिंगवाला (वीज कमी वाया घालवणारा) ५५० वॅटचा, नीट कंपनीचा, बस्स. अन् १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आणला तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. कित्येक जण वर्षभर ६० वरच खेळत बसतात.

आता आपल्याकडचं खरं दुखणं. मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात धूळ. समोर बंद काच असलेला कॅबिनेट दिसायला झकास, पण हवा कुठून घेणार? जाळीचाच घ्या. आरजीबी (रंगीत लाईटी) राहू द्या, त्या पैशांत लाईट गेल्यावर पीसी थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस येतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे हं, साधारण ३६०. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, नाहीतर लाईट जाताच पीसी रिस्टार्ट. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी वायरमन बोलवून अर्थिंग तपासा.